मोबाइलवरचा शेतकरी आणि त्यामागची जाहिरात



पूर्वी जाहिरात ओळखणे सोपे होते. बाजारतळाच्या भिंतीवर खताच्या पोत्याचे चित्र रंगवलेले असे, नाहीतर रेडिओवर कार्यक्रम थांबवून औषधाचे नाव सांगत. बोलणारी कंपनी आणि ऐकणारे आपण, हे उघड होते. आता मोबाइलवर जो बोलतो तो आपल्यासारखाच शेतकरी असतो. मागे उभा ऊस असतो, आणि बोलता बोलता एखाद्या बाटलीचे नावही येते. हा अनुभव की जाहिरात, हे चटकन कळत नाही. लागणीच्या तोंडावर हा प्रश्न थेट आपल्या खिशाशी येतो. म्हणून या माध्यमाचा व्यवहार कसा चालतो, याची माहिती येथे देत आहोत.

माल लोकांचा, धंदा कंपनीचा

फेसबुक २००४ साली अमेरिकेत सुरू झाले आणि यूट्यूब २००५ साली. वर्तमानपत्र किंवा सिनेमा कंपनी पगार देऊन लेखक-नट ठेवते. यांनी तसे काही केले नाही. फोटो, व्हिडिओ, मते, चर्चा हे सारे लोकांनीच घालायचे, कंपनीने फक्त जागा द्यायची. २००६ साली गूगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरला विकत घेतले, तेव्हा या जागेची किंमत जगाला कळली.

आता तुम्ही म्हणाल, सारे फुकट आहे तर पैसा येतो कुठून? तो जाहिरातदाराकडून येतो. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ज्या मेटा कंपनीची आहेत, तिचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर होते. त्यातील दर १०० डॉलरमागे ९७ हून अधिक डॉलर जाहिरातीचे. आपण काय बघतो, कशावर थांबतो, कोणाला पुढे पाठवतो, याची नोंद ठेवून योग्य गिऱ्हाइकासमोर जाहिरात आणली जाते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हाही एक कारखानाच आहे. लोकांचा मजकूर हा तिथला ऊस. फरक एवढाच की, आपल्याकडे ऊस काट्यावर येतो, त्याचा किमान दर कायद्याने ठरतो, आणि भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते. मेटामध्ये संस्थापकाकडे असलेल्या वर्गाच्या एका शेअरला १० मते आहेत. मजकूर घालणाऱ्याला एकही नाही. यूट्यूब मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देते हे खरे. परंतु त्यासाठी साधारणपणे १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेल्याची अट आहे. बहुसंख्य लोक या अटीपर्यंत पोचत नाहीत.

कंपन्यांना आपला शब्द का हवा?

कंपनी स्वतःचे गुण गाते तेव्हा आपण अर्धे सोडून देतो. शेजारचा शेतकरी सांगतो तेव्हा कान देतो. हा विश्वास कंपन्यांनी बरोबर ओळखला आहे. लोकांच्या तोंडून होणारी जाहिरात साधारण चार प्रकारची असते.

१) ज्याचे व्हिडिओ पुष्कळ लोक बघतात त्याला पैसे देऊन मालाचे नाव घ्यायला लावणे. अशा व्यक्तीला 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात.
२) रोख पैसे न देता फुकट माल, सहल किंवा सवलत देणे.
३) दुकानाच्या किंवा मालाच्या पानावर चांगले शेरे व पाच चांदण्या लिहवून घेणे. काही वेळा हे शेरे विकतचे असतात.
४) एखाद्याने खरोखर मनापासून केलेला व्हिडिओ घेऊन, पैसे भरून तो हजारो लोकांसमोर आणणे.

यात आणखी एक गोम आहे. कोणता व्हिडिओ वर आणायचा हे यंत्रच ठरवते. यूट्यूबने २०१२ सालापासून लोक व्हिडिओ किती वेळ बघतात याला महत्त्व दिले. आता 'एकरी ५५ टन' म्हटल्यावर कोणी थांबत नाही, 'एकरी १२० टन' म्हटले की बोट थांबते. त्यामुळे खोटे बोलायचे नसले तरी मोठे बोलायचा मोह प्रत्येकाला होतो.

१०० टनांचा हिशेब

हा आकडा कसा तयार होतो, ते बघा. एकरात गाळपायोग्य ४०,००० ऊस आणि सरासरी वजन दीड किलो धरले तर उत्पादन ६० टन येते. आता बांधाकडेचा, भरपूर ऊन-वारा मिळालेला एक जाड ऊस उपटून ताजव्यावर ठेवा. तो अडीच किलो भरला, की त्याला ४०,००० ने गुणून १०० टन सांगता येतात. शेत तेच, ऊस तोच, पण ४० टन कागदावर वाढले! चांगले निगराणीचे शेत १०० टन देतही असेल. पण मग त्याच्या साऱ्या खेपांच्या काट्याच्या पावत्या असतात. त्या मागाव्यात. शिवाय शेजारच्याच सरीत औषध न टाकलेला ऊस किती भरला, हेही विचारावे. ते माहीत नसेल तर वाढ औषधाची की पाण्याची, हे कोण सांगणार?

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला, तसेच मालाची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी असा संबंध असेल की ज्याची लोकांना कल्पना नाही, तर तो उघड करावा लागतो. 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असे शब्द व्हिडिओत कुठे आहेत, ते बारकाईने बघा. शेतीसाठी खरेदी करणाराही ग्राहक ठरतो. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्पष्ट केले आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वाढीची म्हणून विकली जाणारी जैव-उत्तेजके २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. तेव्हा माल परवानाधारक दुकानातूनच घ्यावा, लेबल वाचावे आणि पक्की पावती घ्यावी. फोनवरून मागवलेल्या, पावती नसलेल्या बाटलीची दाद मागणे अवघड जाते.

आपल्याकडे कोणी कॅमेरा घेऊन आले तर

चांगला प्लॉट दिसला की 'दादा, दोन शब्द बोला' म्हणणारे येतात. आनंदाने बोलावे, पण जपून. जे आपण वापरले तेच सांगावे, आकडा काट्याचा सांगावा, फुकट माल मिळाला असेल तर तसे बोलून दाखवावे. व्हिडिओ कुठे वापरणार, हे आधी विचारावे. आपल्या तोंडचे वाक्य ऐकून दुसऱ्या गावचा एखादा शेतकरी सोसायटीचे कर्ज उचलून ती बाटली घेणार असतो.

ही माध्यमे वाईट आहेत असे मुळीच नाही. पाचटाचे आच्छादन, ठिबकची जोडणी, खोडव्याची निगा यांचे उत्तम व्हिडिओ आहेत आणि ते बघून पुष्कळांनी सुधारणा केली आहे. पण नवीन औषध किंवा नवे बेणे दिसले तर आधी आपल्या गट कार्यालयातील शेती अधिकाऱ्यांना दाखवावे, पाडेगाव संशोधन केंद्राची किंवा वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची शिफारस आहे का ते विचारावे. तरीही घ्यावेसे वाटले तर पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवर टाकावे, शेजारचे पाच गुंठे तसेच ठेवावेत, आणि दोन्हींचा ऊस वेगळा तोलून मगच पुढचा खर्च करावा.