मोरीचे पाणी, परसबाग आणि रुग्णालयाचा जमाखर्च



मागील वार्षिक सभेत हिशेबपत्रकातील 'ग्राम आरोग्य – इंदुरी' या शीर्षाखालील खर्चाकडे बोट दाखवून आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले होते, "मी दिलेला पैसा औषधांसाठी होता की विटांच्या तुकड्यांसाठी?" सभेत वेळ थोडा होता आणि माझे उत्तर अपुरे राहिले. प्रश्न सर्वथा रास्त असल्यामुळे त्याचे सविस्तर उत्तर अहवालात द्यावे, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे या लेखातील वैद्यकीय बाबी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतल्या आहेत. हिशेबाची बाजू मात्र माझी आहे.

प्रथम एक खुलासा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. हा निधी केवळ अशा रुग्णांच्या उपचारासाठीच वापरता येतो. इंदुरीतील कामासाठी त्यातील एक पैसाही वापरलेला नाही. हा खर्च सर्वसाधारण देणग्यांतून झाला आहे. तेव्हा प्रश्न कायद्याचा नसून, रुग्णालयाने गावाच्या परसदारी जावे की जाऊ नये, एवढाच आहे.

इंद्रायणीकाठी हा प्रश्न नवा नाही. इंदुरीच्या खाली, याच नदीवर वसलेल्या देहू येथे १९६० च्या सुमारास डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. गाव उघड्यावर शौचास जात होते आणि दवाखान्यात येणारे रोग बव्हंशी त्याच घाणीतून उद्भवत होते. औषध घेऊन बरा झालेला रुग्ण पुन्हा त्याच पाण्यावर जाणार, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी सरकारी नमुन्याप्रमाणे काही शौचालये बांधवून घेतली. ती पहिल्याच पावसाळ्यात कोसळली. एखाद्याने तेथेच हात टेकले असते. डॉक्टरांनी मात्र नमुन्यातच दोष आहे हे ओळखून दुसरा मार्ग शोधला आणि तो त्यांना कोकणात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमातील अप्पासाहेब पटवर्धन यांच्या कामात सापडला. अप्पासाहेबांनी भंगीमुक्तीसाठी आयुष्य वेचले होते. मैला माणसाला हाताने उपसावा लागू नये व त्याचे खत व्हावे, या हेतूने त्यांनी साधे, स्वस्त शौचालय सिद्ध केले होते. ते देहूच्या जमिनीस जुळवून घेत डॉ. मापुसकरांनी पुढील सुमारे दोन दशके घरोघर पाठपुरावा केला. शौचालयास जोडलेले 'मलप्रभा' हे जैववायू संयंत्र त्यांनीच विकसित केले आणि आपल्या संस्थेस अप्पासाहेबांचे नाव दिले. २०१५ साली ते निवर्तले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे खरे काम दवाखान्याच्या भिंतीबाहेरचे होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

आता इंदुरीकडे वळू. दाभाडे सरदारांची गढी आणि कडजाई देवीचे स्थान यांमुळे हे गाव परिचित आहे. भंडारा डोंगर जवळच आहे. गावाचे पाणी उतारावरून इंद्रायणीस मिळते व ती पुढे देहू आणि आळंदीस जाते. इंदुरीच्या मोरीतून सुटलेले पाणी वाटेत कोणी अडविले नाही, तर ते वारकरी ज्या घाटांवर स्नान करतात तेथे पोहोचते. तळेगाव व चाकण येथील कारखान्यांमुळे परिसरात भाडेकरूंच्या खोल्या वाढल्या, जनावरे कमी झाली आणि नळ घरात आला. यांपैकी नळाचा रुग्णालयाशी असलेला संबंध मला स्वतःला फार उशिरा उमगला.

आमच्या आरोग्यसेविकेसोबत मी एका घरी गेलो असता तेथील आजी म्हणाल्या, "साहेब, न्हाणीच्या तोंडाशी आमची केळ होती, अळू होतं. नळ आला अन् केळ कुजली." पूर्वीच्या घरांत मोरीचे पाणी अळू व केळ यांस जात असे. ही जुनी योजना उत्तम होती. परंतु ती डोक्यावरून आणलेल्या चार हंड्यांसाठी होती. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज ५५ लिटर पाणी गृहीत धरले, तर पाच माणसांच्या घरात २७५ लिटर पाणी येते. त्यातील तीन-चतुर्थांश जरी वापरून बाहेर पडले, तरी दररोज दोनशे लिटर सांडपाणी होते. हे पाणी केळीच्या दोन बुंध्यांनी कसे शोषावे? ते रस्त्यावर येते, डबके होते, त्यात डुकरे लोळतात, आणि फुटलेली जलवाहिनी त्या डबक्यातून जात असेल, तर पुरवठा बंद असताना तेच पाणी वाहिनीत शिरते. हगवण, विषमज्वर व कावीळ यांचे रुग्ण एकाच आळीतून येऊ लागले, की आमचे डॉक्टर प्रथम नळाची चौकशी करतात, ते यामुळेच.

यावरील उपाय शोषखड्डा. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे व वर बारीक खडी भरावी. मधोमध तळाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाच्या शेंड्या अथवा गवत घालावे. मोरीचे पाणी या मडक्यात पडते, केस, खरकटे व साबणाचा साका तेथे अडतो आणि पाणी दगडांच्या फटींतून जमिनीत मुरते. अशा खड्ड्यात दगडविटांमधील पोकळी साधारण चाळीस टक्के धरल्यास चारशे लिटर, म्हणजे दोन दिवसांचे पाणी मावते. मुरमाड जमिनीत ते सहज मुरते; काळ्या चिकण जमिनीत मुरत नाही. विहीर अथवा कूपनलिकेपासून किमान पन्नास फूट अंतर राखावे लागते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर असे खड्डे करून उघडी गटारेच नाहीशी केली आणि तो नमुना पुढे जिल्हाभर गेला.

आमच्या कामातील चूकही सांगणे कर्तव्य आहे. पहिल्या वर्षी केलेल्या खड्ड्यांपैकी काही पावसाळ्यातच तुंबले. उत्साहाच्या भरात आम्ही मडक्याची गाळणी अनावश्यक समजून वगळली होती, आणि नदीलगतच्या घरांत तर पावसाळ्यात भूजलच वर येते हे लक्षात घेतले नव्हते. तो खर्च वाया गेला. ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाला त्यामुळे धार आली, हे मान्य केले पाहिजे. नंतरचे सर्व खड्डे गाळणीसह केले. मडक्यातील गवत दर पंधरा दिवसांनी बदलावे लागते. हे काम गृहिणीच्याच गळ्यात पडते, म्हणून खड्डा करण्यापूर्वी संमती तिची घ्यावी, असा नियम आम्ही केला आहे. नदीकाठच्या घरांसाठी खड्ड्याऐवजी केळी, अळू व कर्दळ यांचा लांबट वाफा करून त्यात पाणी फिरवून सोडतो. आजींची जुनी योजनाच आहे ही, फक्त दोनशे लिटरच्या मापाने आखलेली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शोषखड्ड्यामुळे डेंग्यू थांबतो, असे अनेकजण समजतात. घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो. डेंग्यूचा एडिस डास घरातील स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो – पिंप, रांजण, टायर, फ्रीजच्या मागील तबक. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे हाच त्यावरील उपाय होय. त्यास पैसा लागत नाही, त्यामुळे आमच्या हिशेबात तो दिसत नाही.

शौचालयाच्या बाबतीत इंदुरीत अडचण निराळी आहे. घरोघर शौचालये आहेत. परंतु बहुतेकांनी सेप्टिक टँक बांधून त्याचे तोंड गटारात सोडले आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू व कृमींची अंडी असतात. याउलट दोन खड्ड्यांच्या शौचालयात विटांच्या जाळीदार भिंतींतून पाणी व वायू जमिनीतच जिरतात; एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवावयाचा. झाकून ठेवलेल्या पहिल्या खड्ड्यात दीड वर्षात कोरडे, गंधहीन सोनखत तयार होते. हे खत हातात घेऊन पाहिल्यावर शंका घेणाऱ्यांच्या चेहऱ्यात पडणारा फरक मी अनेकदा पाहिला आहे. माझ्या स्वतःच्या चेहऱ्यातही तो पडला असावा.

याच ठिकाणी शौचालय, शेत आणि रक्तक्षय यांची गाठ पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्या प्रसूती विभागासही याचा दररोज प्रत्यय येतो. रक्त कमी असलेली माता प्रसूतीच्या वेळचा थोडासा अधिक रक्तस्रावही सोसू शकत नाही आणि मग मध्यरात्री रक्तपेढीकडे धाव घ्यावी लागते. अन्नातील लोह अपुरे असणे हे याचे एक कारण. दुसरे कारण अंकुशकृमी. मैल्याने दूषित झालेल्या ओल्या मातीतून हा कृमी अनवाणी पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो व आतड्यास चिकटून रक्त शोषतो. मावळात भातलावणी अनवाणीच होते. इंद्रायणी तांदळाचा सुवास ज्यांना प्रिय आहे, त्यांनी त्या चिखलातील पायांचाही विचार करावा. (हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिले.) लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, शौचालय आणि परसबाग ही चारही एकाच रोगाची औषधे आहेत. त्यांपैकी पहिली दोनच आमच्या औषधभांडारात मिळतात.

परसबागेविषयी अवास्तव दावा मी करणार नाही. पालेभाजीतील लोह शरीरात अल्प प्रमाणात शोषले जाते; सोबत लिंबू घेतल्यास ते वाढते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. म्हणून ज्या घरी वाफा तयार होतो, तेथे लिंबाचे एक रोप आम्ही आग्रहाने देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाकाठी ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. बाजारभावाने पाच माणसांस तेवढी भाजी घेणे मजूर कुटुंबास परवडत नाही. ज्येष्ठात कुंपणावर दोडका, घोसाळी, कारली चढवावीत. पाऊस ओसरल्यावर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरावी. शेवग्याचे एक झाड व कढीपत्ता बारमाही असावा. त्यांपैकी शेवग्याचा पाला आमच्याकडे शेंगेपुढे उपेक्षित राहिला आहे. साबणाचे पाणी केळ, शेवगा यांसारख्या झाडांच्या बुंध्याशी द्यावे; कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मुळ्यास ते देऊ नये.

खतासाठी पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांची पद्धत जनावरे कमी झालेल्या गावास विशेष सोयीची आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा भोकांच्या विटांच्या टाकीत काडीकचरा, माती व अवघे शंभर किलो शेण थरांनी भरले, की तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. गोबर गॅसचे गणित मात्र येथे जमत नाही: दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. ती ज्यांच्या दावणीस आहेत त्यांनी ते अवश्य बांधावे. साडेसोळा दिवसांत एका सिलिंडरइतके इंधन हाती येते. इतरांच्या घरी स्वयंपाकाचा गॅस आला असला, तरी आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते आणि दम्याच्या रुग्णास ती चूल उंबऱ्याच्या आत नको, एवढे सांगून पुरते. सरपण व गोवऱ्यांची रास भिंतीला लागून रचू नये. उंदरांमागे साप येतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, कारण मण्यार रात्री अंथरुणातच दंश करते. आणि कीटकनाशकाची बाटली घरातील फळीवर कधीही नको. ती शेतावर, कुलुपात असावी. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या काही आईवडिलांकडे पाहिल्यावर या वाक्यास अधिक स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

आता हिशेब. शोषखड्ड्याचा खर्च एकदाच होतो व खोदाई बहुधा कुटुंबच करते. विषमज्वराच्या एका रुग्णाच्या खाटेचा, सलाइनचा व प्रतिजैविकांचा खर्च दर खेपेस नव्याने होतो, शिवाय घरातील कर्त्या माणसाची मजुरी बुडते ती निराळीच. मात्र न आलेला रुग्ण कोणत्याही खातेवहीत नोंदविता येत नाही, ही माझ्या विद्येची मर्यादा आहे. म्हणून चालू वर्षापासून हा खर्च सर्वसाधारण देणग्यांतून न करता त्यासाठी स्वतंत्र खाते उघडण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला आहे. ज्यांना आपली देणगी औषधांसाठीच जावी असे वाटते, त्यांनी पावती घेताना तसे लिहून द्यावे. त्यांचा पैसा तिकडेच जाईल. प्रश्न विचारणाऱ्या ज्येष्ठ देणगीदारांनी यंदाची देणगी दोन्ही खात्यांत निम्मी-निम्मी विभागून दिली आहे.

खड्ड्यांची खोदाई वैशाखात, जमीन कोरडी असताना करावयाची आहे. रुग्णालयाच्या पाडलेल्या जुन्या कुंपणभिंतीच्या विटांचे तुकडे मागील फाटकाजवळ रचून ठेवले आहेत. इंदुरी व परिसरातील ज्या कुटुंबांना ते हवे असतील, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवून विनामूल्य न्यावेत. मडकी मात्र ज्याने त्याने आणावीत.