गोठा कसा पाहावा?

दूध रोज प्रत्येकाच्या घरी येते. पण ते जेथे निघते तो गोठा पाहण्यास जाणारी माणसे शहरात थोडीच. अलीकडे काही मोठ्या दुग्धशाळा आपले गोठे लोकांना दाखवितात. मुलाबाळांसह अवश्य जावे, असेच आम्ही म्हणू. मात्र गोठा हे कारखान्यासारखेच कामाचे ठिकाण आहे. कारखाना पाहणाऱ्याने यंत्रे पाहून न थांबता कामाचा हिशेब विचारावा, तसा तो येथेही विचारावा.

प्रथम म्हशीचा क्रम समजून घेऊ. गाभण राहिल्यापासून सुमारे ३१० दिवसांनी म्हैस विते. पहिले काही दिवस चीक निघतो. त्यावर पहिला हक्क पारडाचा. पुढे साधारण दहा महिने दूध मिळते आणि मग ती आटते. पुढच्या वेतापर्यंत काही महिने ती भाकड असते. या काळात थेंबभर दूध नाही, पण कडबा, पेंड, पाणी आणि राखण यांत खंड पडून चालत नाही, कारण पोटातले पारडू याच दिवसांत वाढत असते. म्हणजे भाकड दिवस हे आळसाचे दिवस नव्हेत. ती पुढच्या दुधाची तयारी आहे. तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा दूधधंद्यातील मुख्य प्रश्न होय.

जुन्या मुंबईने या प्रश्नाचे उत्तर निर्दयपणे दिले होते. शहरातील तबेल्यांत दूरच्या प्रांतांतून उत्तम दुभत्या म्हशी आणीत. जागा महाग, चाराही महाग. म्हैस आटली की तिला पोसणे परवडेना; ती खाटकाकडे जाई आणि तिच्या जागी नवी येई. याचा सगळा दोष गवळ्यावर टाकणे सोपे आहे. परंतु भाकड दिवसांचे पैसे गिऱ्हाईकही देत नव्हते.

तबेले शहराबाहेर काढण्यासाठी सरकारने १९४९ साली गोरेगावला आरे दुग्धवसाहत स्थापन केली. १९५१ साली पंडित नेहरूंनी तेथे रोप लावले. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ गोठे आणि सुमारे १६,००० जनावरे एवढा तिचा पसारा. गोठे सरकारचे, म्हशी गवळ्यांच्या, आणि दूध सरकार घेई. मुंबईचे लोक तेथे सहलीला जात. छोटा काश्मीर ही तेथील बाग आजही ओळखीची आहे. म्हशीला मोकळी हवा मिळाली, ही मोठीच सुधारणा. पण जागा बदलल्याने भाकड महिन्यांचा खर्च नाहीसा होत नाही.

दुसरे उत्तर गुजरातेतील खेडा जिल्ह्याने दिले. तेथील शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी संघ काढला. म्हैस गावातच ठेवली आणि दूध मुंबईला पाठविले. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार आरेचे दारा खुरोडी आणि खेड्याचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन या तिघांना मिळून मिळाला. गावात भाकड म्हैस शेतातल्या कडब्यावर जगते, म्हणून ती परवडते, असे म्हणतात. ते खरे आहे. परंतु तो कडबा तोडून घालणारी, शेण काढणारी घरची बाई कोणत्याच हजेरीपटावर नसते. खर्च मिटला नाही, तो तिच्या अंगावर गेला.

आपल्या राज्यात २०२४ च्या जुलैपासून, ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के इतर घनपदार्थ असलेल्या गाईच्या दुधाला संघांनी लिटरमागे ३० रुपये द्यावेत व सरकारने ५ रुपये अनुदान घालावे, असे ठरले. या मापांनी दुधाचा कस मोजता येतो. भाकड दिवस आणि त्या बाईचे कष्ट मोजता येत नाहीत. गिरणी कामगारांच्या गावाला हे वेगळे सांगावयास नको. मजुरी केवळ कामाच्या तासांची नसते. आजारपणात आणि सुट्टीच्या दिवशीही चूल पेटावी लागते, म्हणून तर पगारी रजेसाठी कामगार झगडले.

म्हणून गोठ्यात गेल्यावर चकचकीत दुभती जनावरे पाहून झाली की तीन गोष्टी विचाराव्या. भाकड जनावरे कोठे बांधली आहेत? पारडे किती जगतात, आणि रेड्यांचे काय होते? पहाटे व संध्याकाळी धार काढणाऱ्याला आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी असते? म्हैस रविवार पाळत नाही. तेव्हा माणसाला रविवार द्यावयाचा तर बदली माणूस ठेवावाच लागतो.

यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचे नाव मिरविते. आपले आणि तिचे नाते जुने आहे : कापसातली रुई मागाकडे आली आणि सरकी तिच्या गव्हाणीत गेली. ओळखीच्या गवळ्याकडे एखाद्या सकाळी जावे आणि त्याची भाकड म्हैस पाहावयास मागावी. ती त्याने कशावर पोसली आहे हे कळले, म्हणजे मग दुधाच्या भावाबद्दल आपण बोलू.