‘नो सूनर... दॅन’ पाठ असूनही गुण का जातात? केंब्रिजच्या ‘सी१’ परीक्षेतल्या सहा वाक्यांचे गणित

दहावी-बारावीला इंग्रजीच्या पेपरात ‘रिमूव्ह टू’ आणि ‘यूज नो सूनर... दॅन’ सोडवले नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्र बोर्डात सापडणे कठीण. सूत्र पाठ केले की गुण पक्के. केंब्रिजच्या ‘सी१ ॲडव्हान्स्ड’ परीक्षेतही वाक्यबदलाचा प्रश्न असतो. पण तिथे सूत्र कोणी सांगत नाही आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न नेमका कसा असतो?

‘रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश’ हा पेपर दीड तासाचा, ५६ प्रश्नांचा. त्याच्या चौथ्या भागात सहा वाक्ये असतात. वर मूळ वाक्य, खाली मध्ये रिकामी जागा असलेले दुसरे वाक्य आणि सोबत एक शब्द. तो शब्द जसाच्या तसा वापरून तीन ते सहा शब्दांत जागा भरायची. अर्थ मात्र तोच राहिला पाहिजे. प्रत्येक वाक्याला दोन गुण, म्हणजे एकूण १२.

मराठी मनातून येणारी चूक

समजा मूळ वाक्य आहे, ‘इट नेव्हर अकर्ड टु मी दॅट शी वुड रिफ्यूज’. दिलेला शब्द ‘माइंड’. आपल्या डोक्यात आधी ‘मनातही आले नाही’ येते आणि हात लिहितो, ‘केम इन माय माइंड’. उत्तर हवे असते ‘क्रॉस्ड माय माइंड’. व्याकरण येत असूनही गुण गेला, कारण इंग्रजीत ‘माइंड’सोबत इथे कोणते क्रियापद बसते हे ठाऊक नव्हते. सी१ पातळीवर अशा शब्दांच्या जोड्याच बऱ्याचदा तपासल्या जातात.

दुसरे उदाहरण: ‘मुंबई इज फार मोअर एक्स्पेन्सिव्ह दॅन नागपूर’. शब्द ‘नोव्हेअर’. नवे वाक्य ‘नागपूर इज’ने सुरू होते आणि ‘ॲज मुंबई’ने संपते. मध्ये ‘नोव्हेअर निअर ॲज एक्स्पेन्सिव्ह’. कुणी ‘निअर’ गाळले तर फसले. मूळ वाक्यातला ‘फार’ हा छोटा शब्द त्याच्यातच उतरलेला असतो.

सराव कसा करावा?

एकामागून एक सराव पेपर सोडवून उत्तरसूचीशी ताडून पाहणे, हा बहुतेकांचा मार्ग. त्यातून गुण मोजता येतात, भाषा फारशी वाढत नाही. त्यापेक्षा उलटा सराव उपयोगी. उत्तर भरलेले वाक्य दोन दिवसांनी घ्यावे आणि मूळ वाक्य न बघता लिहावे. जे निसटले, तेच आपले कच्चे दुवे. वहीतही सुटा शब्द न लिहिता ‘क्रॉस्ड माय माइंड’ असा पूर्ण तुकडा लिहावा आणि त्यावर स्वतःच्या रोजच्या आयुष्यातले एक वाक्य करावे. कंटाळवाणे आहे खरे, पण दिवसाला तीन-चार वाक्ये पुरतात.

जागा कोरी सोडू नका. उत्तराचे दोन भाग करून गुण दिले जातात, त्यामुळे अर्धे बरोबर असले तरी एक गुण मिळू शकतो. चुकीला वजा गुण नाहीत. स्पेलिंग मात्र अचूक हवे.

आणि शब्द मोजताना जपा: ‘डिडन्ट’ हे दोन शब्द धरले जातात, ‘कान्ट’ मात्र एकच, कारण ‘कॅनॉट’ एकत्र लिहितात.