बिराजदारांची मोठी कुस्ती कोणती?

आमच्या उमरीत पैलवानांचा विषय निघाला की मामा एकच नाव घेतात: लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, १९६९चे महाराष्ट्र केसरी. मामांच्या लेखी त्यांचं मोठेपण ठरलं ते बेळगावात. १९७७ साली अंगानं थोराड, वयानं लहान अशा दिल्लीच्या सतपालला त्यांनी तिथं चीत केलं.

मला हे मान्य, पण पुरतं नाही. मातीत गुण मोजत नाहीत. गड्याची पाठ टेकेपर्यंत झुंजायचं, म्हणून दम राखून संधी हेरावी लागते. मॅटवर वेळ बांधलेली, एकेक गुण मोजलेला; तिथं वाट पाहणारा मागं पडतो. मातीत वाढलेला माणूस १९७०मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मॅटवर सुवर्ण जिंकतो, हे मला जास्त अवघड वाटतं.

मामा म्हणतात, "मॅटवर काय रे, गादीवरच तर पडायचं!"

पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बिराजदारांनी काका पवार, राहुल आवारे असे मल्ल घडवले. वस्ताद २०११मध्ये गेले. आवारेनं २०१८मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. एवढ्यावर तरी मामा गप्प बसतील असं वाटलं होतं. "पोरं घडवली, खरंय," ते म्हणाले, "पण सतपालला पाडणारा त्यात एक दाखव."