जे सापडले नाही, त्याचे मोजमाप

शोधयंत्राला प्रश्न विचारला की उत्तरांची यादी समोर येते. ती यादी कितपत चांगली, हे ठरवायच्या मुख्य कसोट्या दोन. पहिली अचूकता, म्हणजे प्रिसिजन : मिळालेल्यांपैकी कामाचे किती. दुसरी रिकॉल : संग्रहात कामाचे जेवढे होते, त्यांपैकी हाती किती आले. समजा, एखाद्या संग्रहात पाणीवाटपावरचे ५० लेख आहेत. शोध घेतल्यावर २० लेख आले आणि त्यांतले १५ विषयाला धरून निघाले. इथे अचूकता ७५ टक्के, पण रिकॉल ३० टक्केच. बहुधा या दोघांचे पटत नाही. प्रश्न सैल केला की कामाचे जास्त मिळते, पण भरताडही वाढते. काटेकोर केला की भरताड जाते आणि त्याबरोबर कामाचेही निसटते.

या मोजणीला शिस्त लावली इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या एअरोनॉटिक्स कॉलेजातले ग्रंथपाल सायरिल क्लेव्हरडन यांनी. १९६६ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात विमानशास्त्रावरचे १,४०० निबंध आणि दोनशेहून अधिक प्रश्न होते. प्रश्न खऱ्याखुऱ्या संशोधकांकडून घेतलेले होते आणि कोणत्या प्रश्नाला कोणता निबंध उपयोगी, याचा निवाडा माणसांनी केला होता. निबंध तेच, प्रश्न तेच, निवाडेही तेच. बदलायची ती फक्त शोधाची पद्धत. निकालाने ग्रंथपालांना धक्काच बसला. मेहनतीने बांधलेल्या विषयसंज्ञांपेक्षा निबंधांतले साधे सुटे शब्द सरस ठरले होते.

अचूकता मोजणे त्या मानाने सोपे, कारण यादी डोळ्यांसमोर असते. खरी अडचण रिकॉलची. जे सापडलेच नाही, ते मोजायचे कसे? डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत आजही डोळे उघडणारा आहे. एका मोठ्या खटल्यातली सुमारे ४० हजार कागदपत्रे संगणकात भरलेली होती आणि बचाव पक्षाचे वकील त्यांतून पुरावे शोधत होते. निदान ७५ टक्के तरी हाती यायला हवेत, ही त्यांची अट होती आणि ती पुरी झाली असे त्यांना वाटत होते. संशोधकांनी न सापडलेल्या कागदांतून नमुने काढून, कोणता कागद कुठून आला हे न सांगता, त्याच वकिलांकडून तपासून घेतले. प्रत्यक्ष रिकॉल सरासरी २० टक्क्यांच्या आसपास निघाला. कारण भाषेत होते. वकील ‘अपघात’ शोधत होते. कागदांत मात्र कुणी त्याला ‘घटना’ म्हटले होते, कुणी ‘परिस्थिती’, कुणी ‘अडचण’. मिळालेले बहुतेक कागद कामाचे होते, म्हणूनच शंका कुणाला आली नाही.

संग्रह लाखांवर गेल्यावर प्रत्येक कागद वाचणे अशक्यच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने १९९२ साली ‘ट्रेक’ हा उपक्रम सुरू केला, त्यात यावर तोडगा वापरला गेला. भाग घेणाऱ्या सगळ्या प्रणालींची वरची, साधारण शंभरेक, उत्तरे एकत्र करायची आणि तेवढीच माणसांनी तपासायची. बाकीचे निरुपयोगी धरले जाते. त्यामुळे रिकॉलचा आकडा थोडा फुगतो. पण कोणती प्रणाली कोणापेक्षा सरस, हे ठरवायला पद्धत भरवशाची ठरली आहे. पुढे उत्तरांच्या क्रमालाही गुण देणारी मापे आली, कारण वाचणारा सहसा पहिल्या काही उत्तरांपलीकडे जात नाही.

भारतीय भाषांसाठी ‘फायर’ हा असाच उपक्रम २००८ साली सुरू झाला आणि त्यात मराठीही होती. मराठीची गोची प्रत्ययांत आहे. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’, ‘पाण्यावरून’ हेही हवे असते. नुसता प्रत्यय छाटला तर ‘पाण्या’ उरते, ‘पाणी’ नाही. म्हणून इंग्रजीवर उत्तम चालणारी प्रणाली मराठीतही तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. ते मराठी मजकुरावरच तपासावे लागते. त्यासाठी लागणारे प्रश्न आणि निवाडे यंत्राकडून आयते मिळणारे नाहीत. ते मराठी वाचणाऱ्या माणसांनीच तयार केले पाहिजेत, आणि आज आहेत त्याहून कितीतरी जास्त.