घेण्याचा वेग मोठा, देण्याचा का छोटा?

घणसोलीपासून बेलापूरपर्यंत कुठल्याही वस्तीत जा, इंटरनेटच्या जाहिराती दिसतील. इतके एमबीपीएस, इतके रुपये! हा आकडा डाउनलोडचा, म्हणजे घरात येणाऱ्या माहितीचा असतो. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा, म्हणजे अपलोडचा आकडा पुष्कळदा छापलेलाच नसतो. तो का नसतो, हे आम्ही विचारायला हवे.

या विषमतेचे मूळ तांब्याच्या तारेत आहे. २००५ साली एमटीएनएलने मुंबईत टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँड आणले, ते एडीएसएल तंत्राने. या नावातला पहिला शब्दच ‘असमान’ असा आहे. तारेवरचा साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झचा पट्टा अपलोडला आणि त्यापुढचा ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा डाउनलोडला. माणूस पाहील, वाचेल. पाठवणार फारसे नाही, हे गृहीत धरलेले. तार तोकडी होती, वाटणी करणे भाग होते, हे मान्य. पण हीच वाटणी अटळ नव्हती. पुढे एडीएसएल-२-प्लसच्या ‘ॲनेक्स एम’ प्रकारात डाउनलोडचा काही पट्टा काढून अपलोडला दिला गेला आणि अपलोडची मर्यादा सुमारे १ वरून ३ एमबीपीएसच्या आसपास गेली. वाटणी माणसाने केलेली असते, माणसाला ती बदलताही येते.

आज अनेक फायबर योजनांत दोन्ही वेग सारखे मिळतात. मात्र केबलवरच्या आणि ५-जीच्या बिनतारी जोडणीत बहुतेक वाटा अजून डाउनलोडलाच जातो.

आणि कायदा? २००४च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस. जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तिन्ही आकडे डाउनलोडचे! अपलोडला किमान मर्यादाच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस, असे दोन्ही आकडे व्याख्येत घातले.

फरक कोणाला पडतो? ५० एमबीची स्कॅन केलेली कागदपत्रे न्यायालयात ई-फायलिंगने पाठवायची, तर १ एमबीपीएस अपलोडवर जवळजवळ सात मिनिटे, १० एमबीपीएसवर चाळीस सेकंद. अपलोड तुंबले की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात आणि सगळ्या घराचे इंटरनेट रेंगाळते. व्हिडिओ सुनावणीत न्यायाधीशांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पक्षकाराचा तुटतो. मुलाखत देणाऱ्या आमच्या मुलीचेही तेच. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, ते आम्ही नुसते ऐकत बसावे म्हणून नव्हे.

म्हणून जोडणी घेण्यापूर्वी दोन्ही वेग लेखी मागावेत. घरात फक्त सिनेमे पाहायचे असतील, तर कमी अपलोडची स्वस्त योजना खुशाल घ्यावी. पण ती जाणूनबुजून घ्यावी. कबूल केलेला वेग मिळाला नाही, तर कंपनीकडे तक्रार करून क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले.

आणि शासनाकडे आमची मागणी एकच. ब्रॉडबँडच्या व्याख्येत अपलोडचा किमान आकडा लिहा!