कुंभकोणमची रांगोळी आणि आठ मिती

आजचा भाग कुंभकोणमचा. एके काळी तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखातलं हे गाव. इथे सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर रामानुजनचं घर आहे.

सकाळी इथे दारोदारी कोलम दिसतात, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची सख्खी बहीण. कधी ठिपके सरळ रांगेत, तर कधी मधल्या मोकळ्या जागी आणखी एक ठिपका. ती मोकळी जागा लक्षात ठेवा, आजची सगळी गंमत तिच्यात आहे.

फरशी बसवताना दोन नियम धरू. फट राहायची नाही, आणि कुठल्याही कोपऱ्यावर उभं राहिलं तरी देखावा सारखाच. एकाच सुसम आकाराच्या फरश्या हव्यात तर त्रिकोण, चौरस आणि षटकोन, बस. त्रिमितीत घन ठोकळे बसतात. सुसम चतुष्फलकं एकटी बसत नाहीत, अष्टफलकं जोडीला घेतली की बसतात.

आठ मितींचं चित्र काढता येत नाही, पण हिशेब करता येतो. तिथला बिंदू म्हणजे आठ आकड्यांची यादी. सगळे पूर्णांक घ्या, बेरीज सम ठेवा. झाली रांगोळी. मिती वाढतील तशा तिच्यातल्या मोकळ्या जागा मोठ्या होत जातात. आठव्या मितीत तर प्रत्येक आकड्यात अर्धा मिळवून केलेली दुसरी प्रत आत नेमकी बसते! आता शून्यबिंदूचे सर्वांत जवळचे शेजारी मोजा. पहिल्या प्रतीतले ११२, दुसरीतले १२८, एकूण २४०.

हे बिंदू कोपरे धरले की चतुष्फलक आणि अष्टफलक यांची आठ मितींतली भावंडं सगळं अवकाश भरून टाकतात. प्रत्येक कोपऱ्यापाशी पहिल्या जातीचे १७,२८० ठोकळे, दुसरीचे २,१६०. ही रचना थोरोल्ड गॉसेट या इंग्रज वकिलानं १९०० साली प्रसिद्ध केली.

रामानुजनच्या १९१६ च्या एका लेखात 'क्यू' नावाची श्रेणी आहे. तिचे गुणक १, २४०, २१६०, ६७२० असे जातात. कृती सोपी : संख्येच्या विभाजकांच्या घनांची बेरीज करा, २४० नं गुणा. दोनसाठी १ अधिक ८ म्हणजे ९, म्हणून २१६०. आपल्या रांगोळीत दुसऱ्या अंतरावरचे बिंदू? बरोबर २१६०. तिसऱ्यावर ६७२०. रामानुजन विभाजक मोजत होता, आणि तेच आकडे या रांगोळीचेही निघाले.

आठ मितींत गोळे याहून दाट रचता येत नाहीत, हे मारिना व्याझोव्स्का यांनी २०१६ मध्ये सिद्ध केलं. हत्यारं कोणती? रामानुजनच्या त्या लेखातल्याच श्रेणी. २०१७ चा शास्त्र रामानुजन पुरस्कार त्यांना मिळाला. तो कुंभकोणममध्येच देतात, आणि वयाची अट ३२ वर्षं, रामानुजनला लाभली तेवढीच.

"याचा उपयोग काय?" असं तुम्ही मला नेहमी विचारता. याच गावच्या कॉलेजात गणितापायी बाकीचे विषय मागे पडले आणि रामानुजनची शिष्यवृत्ती गेली. तेव्हाही हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असेल. उत्तर यायला शंभर वर्षं लागली.

तोवर तुम्ही कागद घ्या आणि ते ११२ शेजारी स्वतः मोजून पाहा. पुढच्या भागात भेटू.